कुटलं व्हय?

सोनकांबळे अण्णांना फोनवर कुणी "व्हय" म्हटलं की ते लगेच पुढचं बोलत नसत. थोडा वेळ गप्प राहत. पलीकडच्याला वाटे लाइन कटली. तो हॅलो हॅलो करू लागे, आणि मग अण्णा शांतपणे विचारत, "कुटलं व्हय?"

गावोगाव नळाचं पाणी पोचवणाऱ्या एका कंपनीच्या बसवकल्याणच्या ऑफिसात मिलिंद सोनकांबळे प्रोजेक्ट मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखाली इंजिनिअर म्हणून रुजू झाले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, एक नकाशा संध्याकाळपर्यंत होईल का? मी व्हय म्हटलं आणि त्यांच्या त्या प्रश्नाच्या परीक्षेला बसले. मी जवळच्याच हुलसूरची. जन्मभर व्हय म्हणत आले होते, पण त्यात प्रकार असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तीन हैत अक्का," ते म्हणाले. "पैलं म्हंजे, तुमचं ऐकू आलं. दुसरं म्हंजे, करतो. आन् तिसरं म्हंजे, तुमी मोटे मानूस, तुमाला न्हाई कसं म्हनू. आपल्याकडं निम्मी कामं तिसऱ्यात अडकतेत."

माझं कुठलं होतं ते मला विचार करून सांगावं लागलं. तिसरं होतं. त्यांनी नकाशासाठी आणखी एक दिवस दिला आणि चहा मागवला.

अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी मी अक्काच होते, कारण ऑफिसातल्या सगळ्याच बायका अक्का होत्या. समोरचा माणूस पाहून ते जय भीम, शरणु किंवा सलाम म्हणत, आणि त्यात त्यांची कधी गफलत झालेली मी पाहिली नाही. दर सोमवारी सगळ्या सुपरवायझरांची फोनवर मिटिंग होई. ती संपली की अण्णा एकेकाला पुन्हा स्वतंत्र फोन लावत आणि त्याने मिटिंगमध्ये म्हटलेलं व्हय सोलून बघत. त्यात त्यांची सगळी दुपार जाई. मला तेव्हा ते हौसेचं काम वाटायचं.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, हे तीन प्रकार कुठे शिकलात? ते म्हणाले, घरी. "माझ्या बापाची अख्खी जिंदगी तिसऱ्या व्हयात गेली, अक्का. मालक म्हनायचा, उद्या पाटं ये. बाप म्हनायचा व्हय. अंगात ताप असला तरी व्हय. त्यानं न्हाई म्हनल्यालं मी एकदाच ऐकलं. माझी साळा सोडव म्हनला मालक, तवा." एवढं सांगून त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं मागितलं.

त्यांचं गाव कोहिनूर. त्यांची वस्ती गावाच्या टोकाला, म्हणजे आमच्या नकाशावर पाइपाच्याही टोकाला. योजनेचं पाणी त्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला आलेलं बघायचं आणि मग निवृत्त व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी मला अनेकदा सांगितली होती आणि वरिष्ठांना एकदाही नाही.

मग एआय आलं. बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसातल्या एका मॅडमनी पडद्यावरून प्रशिक्षण दिलं. एआय वापरता येणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरचं मोल वाढतं, असं त्या म्हणाल्या. कुणासाठी वाढतं ते म्हणाल्या नाहीत. शेवटी त्यांनी हेही सांगितलं की यापुढे आमचा बिदर आणि शेजारचा कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांच्या कामांना मिळून एकच मॅनेजर राहील, तो वर्षअखेरीस निवडला जाईल, आणि मॅनेजरांबरोबर इंजिनिअरांचाही विचार होईल. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

अण्णा घाबरतील असं ऑफिसला वाटलं होतं. ते मन लावून शिकायला बसले. यंत्राला ते तुम्ही म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला जेवण झालं का, असं लिहून विचारलं. मी जेवत नाही, पण तुम्हाला काय मदत करू, असं उत्तर आलं. अण्णांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "खरं बोलायलंय. आपल्या सुपरवायझरापेक्षा बरंय." सुरुवातीला मी त्यांना शिकवत होते. काही आठवड्यांनी मी माझं काम अडलं की त्यांना विचारू लागले.

आमची सोमवारची मिटिंग आता यंत्र ऐकू लागलं. मिटिंग मराठीत सुरू होई, मध्येच कानडीत वळे आणि शिव्या दखनीत दिल्या जात. यंत्राला सगळं कळे. शिव्या गाळून ते नीटनेटका अहवाल देई: कोण, काय, केव्हा. व्हय ऐकू आलं की पुढे हिरवी खूण आणि "काम पूर्ण". मिटिंगनंतरचे फोन म्हणजे वाया जाणारा वेळ, आणि तो जितका वाचेल तितके गुण, असं मॅडमनी ठरवून दिलं होतं. अण्णांनी फोन बंद केले. त्यांची दुपार मोकळी झाली. त्या रिकाम्या दुपारी ते काय करावं न कळून टेबलावरची धूळ पुसत. आमचा अहवाल मात्र हरभऱ्याच्या रानासारखा हिरवागार झाला.

खरा हरभरा चिंताकीला होता. तिथे गुरुवारी पहिल्यांदा पाणी सोडायचं होतं. सगळे जोड झाले का, असं अण्णांनी मिटिंगमध्ये विचारलं तेव्हा तिथले सुपरवायझर मस्तानभाई व्हय म्हणाले, आणि हिरवी खूण उमटली. गुरुवारी गावाने नळाला हार घातला, नारळ फोडला. अण्णांनी तोटी फिरवली. नळातून आधी वारा आला, आणि मग बराच वेळ वाराच आला. घागर घेऊन पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "वारं तर आमच्याकडं आदीपासूनच हाय की."

पाणी कुठे गेलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हरभरा निघेपर्यंत माझ्या रानात खोदायचं नाही, असं एका शेतकऱ्याने मस्तानभाईंना बजावलं होतं. तेवढा तुकडा जोडायचा राहिला होता. ज्याने पाण्याची वाट अडवली होती त्याचाच हरभरा त्या दिवशी भिजला. बाकी कुणाला थेंब मिळाला नाही.

मस्तानभाई मान खाली घालून उभे होते. चारचौघांत काम राहिलं म्हणायची लाज वाटली, असं त्यांनी सांगितलं. मग हळूच म्हणाले, "तुमी मागून फोन करनार म्हनून वाट बगलो, अण्णा. तुमी विचारलंच न्हाई."

अण्णांनी गावासमोर हात जोडले. चूक माझी आहे, मी विचारलं नाही, एवढंच म्हणाले. परतताना गाडीत ते फोनमधला सोमवारचा हिरवा अहवाल पुन्हा पुन्हा वाचत होते. आपल्या बापाची भाषा विसरल्यासारखं त्यांना वाटत होतं, हे मला न सांगता कळत होतं.

आता हा माणूस यंत्र फेकून देईल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते त्याच्यासमोर बसले आणि नवीन माणसाला कामावर घेताना समजावतात तसं त्याला समजावलं. आमच्या भागात व्हय तीन तऱ्हेचं असतं. माणूस नुसतंच व्हय म्हणाला तर काम झालं असं लिहू नका. अजून कळलं नाही असं लिहा, आणि मला फोन करायची आठवण द्या. यंत्राने ते ऐकलं. सोमवारच्या अहवालात अर्ध्या कामांपुढे "अजून कळलं नाही" असं आलं आणि अण्णांचे फोन पुन्हा सुरू झाले.

मुख्य ऑफिसात खळबळ माजली. इतर जिल्हे हिरवे आणि आमचाच असा का, म्हणून मॅडमनी विचारणा केली. पुढे इतर जिल्ह्यांतल्या नळांनाही वारा आला, तेव्हा त्यांनी अण्णांच्या सूचनेची प्रत मागवली आणि ती सगळ्या ऑफिसांतल्या यंत्रांना लागू केली. अण्णांचं कौतुक करणारी मेल आली. आमच्या कानडी सहकाऱ्यांनी त्यांचं हौदुही तीन प्रकारचं असतं असं तिथल्या तिथे मान्य केलं.

वर्षअखेरीस निकाल लागला. त्या सूचनेमुळे गुण अण्णांना जास्त होते. पगार मला कमी होता. त्यांना जे येत होतं ते आता यंत्रालाही येत होतं, त्यामुळे मॅनेजर मी झाले.

निरोपाच्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहू शकत नव्हते. तुम्हाला माझा राग आला असेल, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "तुमचा कामून येईल?" कुणाचा आला ते सांगितलं नाही. पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी पिशवी उचलली, आणि दारात थांबून विचारलं, "कोहिनूरच्या शेवटच्या नळापतोर पानी न्याल न्हवं, अक्का?"

"व्हय," मी म्हटलं.

ते नेहमीसारखे गप्प राहिले. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. तो त्यांनी विचारला नाही. पिशवी काखोटीला मारून ते जिना उतरले.

विचारला असता तर मला खरं सांगावं लागलं असतं. माझं तिसरं होतं. दोन जिल्ह्यांचं काम अंगावर, आणि कोहिनूरचं टोक कुठल्याच अहवालात तातडीचं नव्हतं. पण न विचारलेला तो प्रश्न मला सुखाने जेवू देईना. दर सोमवारी यंत्र मला शुद्ध मराठीत विचारी, हा होकार कोणत्या प्रकारचा आहे? तेव्हा मी दुपारभर फोन लावी आणि शेवटी स्वतः कोहिनूरला जाई.

वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी आलं तेव्हा मी अण्णांना फोन लावला. ते आता औरादला एका लहान ठेकेदाराकडे काम करतात. मी काही न बोलता फोन तोटीखाली धरला. घागर भरत आली तेव्हा तो कानाला लावून विचारलं, ऐकू आलं का?

"व्हय," अण्णा म्हणाले.

"कुटलं?"

पलीकडे तीच जुनी शांतता. या खेपेला ती इतकी लांबली की मीच हॅलो हॅलो करू लागले.

"चौथं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

चौथं असतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.