नवसूच्या घरचा पत्ता

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी टाइम ऑफिसात सकाळच्या पाळीची हजेरी बघत बसलो होतो, तेव्हा लखमीचा फोन आला. लखमी म्हणजे आमच्या कारखान्याच्या गेटवरच्या गार्डची, नवसू दुमाडाची बायको. एरवी ती मला फोन करत नसे. काही सांगायचं असलं तर नवसूकडे निरोप द्यायची. "भाऊ, ते गेले," ती म्हणाली. सकाळी परसातलं कुंपण बांधायला घेतलं होतं, बांधता बांधता खाली बसला, आणि... मनोरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मग लखमीनं विचारलं, "भाऊ, पुढच्या महिन्यात तारीख हाय ना? आता तारखेला कोन जानार?"

ही तारीख होती मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणातली. नवसू तरुणपणी सैन्यात होता. आठ वर्षं नोकरी केल्यावर, रजेवर गेला तो वेळेत परतला नाही म्हणून त्याला पळालेला ठरवून बडतर्फ केलं होतं. ती बडतर्फी काढून त्या जागी 'सेवामुक्त' अशी नोंद करावी, एवढीच त्याची मागणी होती. पेन्शनचा प्रश्न नव्हता, तेवढी नोकरीच झाली नव्हती. "मग तुला मिळणार काय?" असं त्याला सगळ्यांनी विचारून झालं होतं. मीही विचारलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, आज मेलो तर लोक म्हनतील, पळालेला मेला. मला तसा नाय मरायचा."

आणि तो तसाच मेला. खरं आहे ते लिहिलंच पाहिजे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात तो कामाला आला, तेव्हा त्याचं सैन्यातल्या नोकरीचं पुस्तक पहिल्यांदा मीच उघडून वाचलं होतं. माजी सैनिकांना गार्ड म्हणून वेगळी भरती असायची, हुद्दाही वरचा. मी शेवटच्या पानावरचा शेरा वाचला आणि पुस्तक मिटून परत दिलं. "माजी सैनिक म्हणून नाही घेता येणार. साधा गार्ड म्हणून चालेल का?" तो म्हणाला, "चालंल साहेब." मी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कितीतरी वर्षं नाही. शेरा छापील होता, खाली शिक्का होता, म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चाललो. मी दांडी गावचा, समुद्राकाठचा. डोंगरातल्या पाड्यांवर लोक कसे राहतात याची मला शाळेत शिकवली तेवढीच माहिती होती.

गेटवरचे बाकीचे गार्ड उत्तरेकडचे. त्यांनी त्याचं नाव 'फौजी' ठेवलं होतं, आणि त्यात मान कमी, चेष्टाच जास्त. एखादा ट्रक नोंद न करता निघून गेला की कोणीतरी ओरडायचं, "अरे फौजी, पकड़! भागनेवाले को तू ही पहचानेगा!" नवसू बॅटनने टोपी मागे सारायचा आणि शांतपणे म्हणायचा, "भागता तो वापस क्यों आता रे? तू अपने गाँव जाता है, तीन महीना आता नहीं. तेरे को क्या बोलूँ?" सगळे हसायचे, तोही हसायचा. मात्र ड्यूटीला येताना त्याची पँट इस्त्रीची असायची आणि बूट असे चकचकीत की मालक गेटमधून आत शिरताना आधी त्याच्या पायांकडे बघायचे.

खरी गोष्ट मला कळली ती एका दिवाळीत. कारखाना बंद होता, मी काही कागद घ्यायला गेलो, आणि गेटवर तो एकटाच. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "पाड्यावर दिवाळी जोरात असेल ना?" तो म्हणाला, "आमच्या पाड्यावर आता चार दिसांनी मानूस राहनार नाय." मग सांगत गेला. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की अख्खा पाडा वीटभट्ट्यांवर जातो. वसईकडे, भिवंडीकडे, मुकादम नेईल तिकडे. म्हातारे चालू शकत असतील तर तेही जातात, कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून नेतात. घराच्या दाराला दोरी बांधायची आणि शिमग्याला परत यायचं. जम्मूकडच्या पलटणीतून नवसू रजेवर आला तो थंडीत. येतोय म्हणून त्यानं घरी पत्र टाकलं होतं, पण ते वाचायला घरी कोणी नव्हतंच. ट्रंक खांद्यावर घेऊन पाड्यावर पोचला तर एकेका दाराला दोरी. त्या वर्षी बापानं मुकादम बदलला होता, त्यामुळे कुठल्या भट्टीवर गेलेत हे सांगणारं कोणी नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय... शोधत फिरलो. हर भट्टीवर जायचा, विचारायचा, दुमाडा हाय का कोन? रजा संपली तरी सापडत नव्हते. मिलाले तवा बाप तापानं पडलेला. उठत नव्हता. त्याला तसा टाकून कुठं जानार? शिमग्याच्या तोंडावर गेला. त्याचा दिवस केला आनि गाडीत बसलो."

दरम्यान पलटणीनं घरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं, ते दार बंद म्हणून परत गेलं. मग पोलिसांकडून चौकशी झाली. पोलीस पाड्यावर गेले, तिथे कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे जवान घरीही नाही, फरार आहे, असा निष्कर्ष निघाला. नवसू स्वतःच्या पायांनी परत गेला, अंगावर गणवेश चढवून. खटला अर्ध्या तासात आटोपला. उशीर झाला का, विचारलं. हो म्हणाला. एवढे दिवस काय करत होतास, विचारलं. "घर ढूँढ रहा था, साहब." यावर टेबलामागचे अधिकारी एकमेकांकडे बघून हसले. "अपना ही घर ढूँढ रहा था?" सांगताना नवसूचा आवाज बदलला नाही. फक्त ग्लासात उरलेला चहा त्यानं ओतून टाकला. "खोटा बोललो असतो तर कदाचित सोडला असता," तो म्हणाला. "आई आजारी हाय म्हनायचा. सगले तेच म्हनत. माझा खरा होता, तोच त्यांना खोटा वाटला."

ते हसू पुसायला निघालेला माणूस मी पुढची काही वर्षं जवळून बघितला. रात्रपाळी करून तो सकाळी पालघरला जायचा, तिथून मुंबईला. आधीच्या दोन वकिलांनी इतक्या वर्षांनंतर काही होत नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या होत्या पालघरच्या एक वकीलबाई. त्यांनी कागद वाचले, आणि त्याही म्हणाल्या, "दुमाडा, एखादं कुटुंब बाहेरगावी असतं हे मान्य. पण अख्खा पाडा रिकामा, एक माणूस नाही, हे कोर्टाला पटायचं नाही." नवसू वाद घालत बसला नाही. "पौषात तुमाला येळ हाय का बाई? एक दिवस द्या," म्हणाला.

गेल्या पौषात आम्ही तिघं गेलो. मनोरच्या पुढे डांबरी रस्ता सुटतो आणि ओहोळ ओलांडून चढ लागतो. वकीलबाई गाडीतून उतरल्या आणि एकेका घरासमोरून बघत गेल्या. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, आणि एकेका दाराला दोरी. कुठे चूल पेटलेली नाही, कुठे पोर नाही. नवसूच्या घराचं दार तेवढं उघडं होतं, कारण त्याची नोकरी बोईसरला, लखमी भट्टीवर जात नसे. पार टोकाच्या घरात एक आंधळी म्हातारी होती, तिला लखमी जेवण देई. बाईंनी तिला विचारलं, "आजी, बाकीचे लोक कुठे?" म्हातारी आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "आता कोन भेटंल? शिमग्याला ये बाय. तवा नाच पन बगशील." बाई हसल्या. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "मला हेच कोर्टाला दाखवायचंय." त्यांनी फोटो काढले, ग्रामसेवकाचा दाखला मिळवला, भट्टीवर जाणाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं शिमग्यात पाड्यावर बसून लिहून घेतली. शेवटी त्यांना हवं होतं माझं. वीस वर्षं हा माणूस कारखान्यात कसा वागला, वेळ पाळली की नाही, एवढं टाइम ऑफिसच्या माणसानं लिहून द्यायचं.

ते मी वेळेवर दिलं नाही. व्यवस्थापनानं सांगितलं, कारखान्याचं नाव कुठल्या खटल्यात नको. माझी नोकरी थोडी उरली होती, मी घाबरलो. नवसू विचारायचा तेव्हा सांगायचो, मोठे साहेब दौऱ्यावर आहेत. आठवड्यानं पुन्हा तेच. एकदा तो गेटवरच मला म्हणाला, "भाऊ, तुमी पन आता मला तारीखच द्यायला लागले." म्हणाला हसत. त्या पावसाळ्यातली सुनावणी माझ्या कागदाअभावी पुढे गेली. नवीन तारीख दसऱ्यानंतरची पडली आणि नवसू त्या तारखेपर्यंत राहिला नाही. वकीलबाई म्हणतात, तेवढ्यानं निकाल लागलाच असता असं नाही. असेल. पण तो त्या बाकावर बसलेला असता. कोणीतरी त्याला पुन्हा विचारलं असतं, तू काय करत होतास, आणि या वेळी कोणी हसलं नसतं. ती एक संधी मी घालवली. नवसूचा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पालघरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, कोणालाही न विचारता. साहेबांनी बोलावून घेतलं, मी केलंय म्हणून सांगितलं. पुढे काय व्हायचं ते होईल.

तारखेला मी आणि लखमी गेलो. समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे सांगितलं की पेन्शन मागितलेली नाही, अर्जदार हयात नाही, तेव्हा प्रकरण इथेच संपतं. आमच्या बाईंनी लखमीचं नाव वारस म्हणून लावण्याचा अर्ज दिला. त्यावर दोन्ही बाजू ऐकून काय ते कळवू, असं न्यायाधीश म्हणाले. बाहेर आल्यावर लखमीनं विचारलं, "म्हंजे मेला नाय ना अजून?" बाई म्हणाल्या, "नाही, खटला जिवंत आहे." "मंग चला," म्हणून ती जिना उतरायला लागली.

नवसूचा पगार थांबला तसा मुकादम तिच्या दारात आला. इतकी वर्षं ती भट्टीवर गेली नव्हती, पण आता एकटी बाई करणार काय, असा त्याचा हिशोब. लेक सासरी आहे, शेतात तिच्यापुरतं भात पिकतं, बाकी काही नाही. लखमीनं त्याला परत पाठवलं. मला कळलं तेव्हा मी पाड्यावर गेलो आणि म्हणालो, "वहिनी, तुम्ही खुशाल कामाला जा. कोर्टाला पत्ता माझ्या बोईसरच्या घराचा देऊ. आणि बाई म्हणाल्या, हल्ली सगळं मोबाइलवरच कळतं." ती तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाऊ, तुमचा घर कवा बंद होता? बंद तर आमचा होता. त्याच्यावरनं ह्यांचा नाव गेला. आता सरकारचा कागद येल तो ह्याच घरी येल, आनि घरात मानूस असंल. ते पन थंडीत कुठं जात नव्हते, सुट्टी असली की हितंच बसायचे. मला म्हनायचे, लखमे, दोरी बांधायची नाय." मग सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. "मी नाय जानार भट्टीवर. अर्धा पोट खाईन."

मी कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला काम बघतो म्हटलं. त्यालाही ती नाही म्हणाली, शिमग्यानंतर बघू म्हणाली. एका गोष्टीला मात्र हो म्हणाली. टपालवाला पाड्यावर येतो तो नेमका बाजाराच्या दिवशी, आणि तेल-मिठाला, म्हातारीच्या औषधाला तिला मनोरला जावंच लागतं. तर त्या दिवशी मी तिच्या घरी येऊन बसायचं.

आजचा माझा तिसरा बाजार. आठवड्याची सुट्टी मी बदलून घेतली आहे. लखमी सकाळीच गेली, म्हातारीला पेज देऊन. मी उंबऱ्याच्या आत नवसूच्या बाजेवर बसून हे लिहितो आहे. समोर सगळी दारं दोरीनं बांधलेली. दुपारी चढावर मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा मी वही टाकून उभा राहिलो. टपालवाला नव्हता. सातपाटीकडचा सुकी मासळी विकणारा होता, मागे बोंबलांची टोपली. बंद दारांवरून नजर फिरवत तो वैतागून ओरडला, "अरे, कोन हाय का नाय या पाड्यावर?"

"आहे!" मी म्हणालो. बोललो तेव्हा लक्षात आलं, गरजेपेक्षा फारच मोठ्यानं बोललो होतो. तो दचकला, मग हसला आणि गाडी अंगणात घेऊन आला. लखमीसाठी मी थोडे बोंबील घेतले. टपाल अजून आलेलं नाही. ऊन अजून बरंच आहे, मी बसलो आहे.