गव्हाच्या दाण्याएवढा चुना

दुपारची भांडी आवरून मालनताई फॉर्म घेऊन कॉटवर आडव्या होतात. अठरा पानी फॉर्म, बाई! हॉस्पिटलातली तेजल सकाळी ठेवून गेली आहे, चारला न्यायला येणार. मेंदूत गाठ झालेल्या माणसांच्या पोटात कॅल्शियम, लोह, जस्त किती जात होतं, याचा अभ्यास चाललाय म्हणे. माणूस गेला असेल तर घरच्यांनी आठवून भरायचं. रंगरावांना जाऊन सात महिने झालेत.

सगळं भरून झालंय, फक्त अकरावं पान कोरं. 'घरगुती उपाय म्हणून काही देत होता का?' देत होत्या ना! शेजारणीनं सांगितलं, गुडघ्यांना चांगला, म्हणून अडीच वर्षं रोज ताकात गव्हाच्या दाण्याएवढा चुना. तोच डोक्यात चढला असेल तर? हे त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलेलं नाही. आता कागदावर कसं लिहायचं?

डोळा लागतो न लागतो, तोच कॉटखाली एसटीचं इंजिन गुरगुरू लागतं. मालनताई स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसमोर उभ्या आहेत. गजांमागे रंगराव. तीस वर्षं कंट्रोलर म्हणून बसले तिथेच. त्यांच्या पाठीमागे मालनताईंचीच शेगडी, आणि दूध वर येतंय.

"अहो, ताकातला चुना पीत होता ना तुम्ही?"

"रांगेत या."

"रांगेत मी एकटीच आहे!"

रंगराव मान काढून बघतात. "मग थांबा. अजून काही कळलेलं नाही."

अस्सा संताप येतो मालनताईंना! जन्मभर हेच. पोरीचं स्थळ विचारा नाहीतर भाजी काय आणू विचारा, या माणसाचं उत्तर ठरलेलं.

गज नाहीत आता, काच आहे. काचेपलीकडे, हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढायचे त्या मोठ्या यंत्रात रंगराव झोपलेत, पायात चपला तशाच.

"कधी प्यायलो," ते आतून म्हणतात, "कधी बोटानं काढून तंबाखूत मळला."

"तंबाखू? माझ्या गळ्याची शपथ घेतली होती तुम्ही!"

"म्हणजे बघ, मीच तुला चुना लावला." आणि हसतात, खोकला येईपर्यंत.

मालनताईंना हसू येत नाही. त्या काचेला हात टेकतात. "अहो, माझ्या हातनं तर नाही ना झालं?"

रंगराव हसायचे थांबतात. "डॉक्टरांना सांगता आलं नाही, मला काय विचारतेस? मी मेलोय, हुशार नाही झालो."

"मग लिहू का नको?"

"लिही की. गाठ माझ्या डोक्यात झाली, तू कशाला धरून बसलीस?" त्यांचा हात काचेतून सरळ बाहेर येतो आणि मालनताईंचा पदर ओढतो. "आण इकडं. उठलीस की विसरशील."

शिट्टी वाजते. गाडी फलाटाला लागते.

"अहो, पण खरं सांगा! प्यायलात की नाही?"

बेल वाजते. चार वाजलेत. मालनताई उठून बसतात, तर पदराच्या टोकाला करकचून मारलेली गाठ. नखांनी ओढून बघतात, सुटत नाही. तशाच जाऊन दार उघडतात.

"झाला भरून, काकू?"

"अकरावं पान राहिलंय. लिही तूच. चुना. रोज, गव्हाच्या दाण्याएवढा. अडीच वर्षं. मीच द्यायचे."

तेजल लिहून घेते. मालनताई पदराचं टोक दातात धरून गाठीशी झटतायत.

"आणि काका तो रोज घ्यायचे?"

"माहीत नाही, असं लिही." दातांतून पदर सुटतो आणि त्यांना रडू फुटतं. "आत्ताच विचारून आले गं. मेल्यावरसुद्धा धड सांगत नाही हा माणूस!"