वाटीतून आलेल्या गोळ्या

विलासचा फोन आला तेव्हा मी नालवाडीच्या घरी नुकताच जेवायला बसलो होतो. "मामा, मायले घेऊन वर्ध्याले येऊन राह्यलो. उलटीत रक्त पडलं. तुम्ही दवाखान्यातच या." ताट तसंच ठेवून निघालो. पोचलो तर माझी थोरली बहीण सुमन, जिला मी जन्मभर नुसतं 'बाई' म्हणत आलो, खाटेवर पांढरीफटक पडलेली. मला बघून म्हणाली, "जेवून आला का?" हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं... संध्याकाळी ती गेली. आता दीड महिना होत आला आणि खरं सांगायचं तर मला अजून धड रडू आलेलं नाही. राग येतो.

तेरवीला आलेल्या प्रत्येकानं माझ्या पाठीवर हात ठेवून तेच सांगितलं. वय झालंच होतं, पिकलं पान होतं, देवानं हाल केले नाहीत. पिकलं पान कुणाला म्हणता? आदल्या आठवड्यापर्यंत ती पवनारच्या वाडीत वांगी तोडत होती, आणि भाऊजींना "तुमच्यानं वाकनं होत नाई, बसा गुमान" म्हणून वाडीच्या कडेला धुऱ्यावर बसवत होती. बाई वयानं गेली नाही आणि देवानंही नेली नाही. ती गोळ्यांनी गेली. त्यातली एकही गोळी बनावट नव्हती, एकही वाईट नव्हती. हेच लोकांना पटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं बालपण अल्लीपूरचं. शेजारून वाटीभर काही आलं की ती वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा आमच्या मायचा कायदा. घरात द्यायला काही नसलं की मायची पंचाईत व्हायची, पण बाईची नाही. ती परकर खोचून मागच्या चिंचेवर चढायची, चार आकडे तोडून वाटीत टाकायची आणि मला पिटाळायची. एकदा आळसानं मी वाटी तशीच देऊन आलो, तर तिनं मला पुन्हा त्या घरी नेलं आणि त्या काकूंच्या हातावर चिंचा ठेवायला लावल्या. लग्न होऊन पवनारला गेली, भाजीच्या वाडीत राबराब राबली, पण हा कायदा सोबत घेऊन गेली. वाडीतली पहिली मेथी, पहिली वांगी गल्लीतल्या घरोघर जायची. भाजी रांधली तरी वाटी भिंतीपलीकडं. गल्ली आता नोकरदारांची झाली आहे, कुणी मास्तर, कुणी कचेरीत, सगळे रोज बसनं वर्ध्याला जाणारे. त्यांच्याकडून वाट्या परत यायच्या त्या साखर, शेंगदाणे, कधी पेढा घेऊन. बाईचे गुडघे दुखायला लागले, आणि मग वाट्यांमधून गोळ्या यायला लागल्या.

मी हे स्वतः पाहिलं आहे. शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाटी आणून दिली, आत गोळ्यांची पट्टी. "माह्या गुडघ्याले याच्यानंच फरक पडला, घेऊन पाहा." बाईनं ती देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. मी म्हटलं, "बाई, तुझ्या हृदयाच्या डॉक्टरला विचारलं का?" ती माझ्यावरच हसली. "त्याले काय विचाराचं? हे काय दवाई हाय? हे तं शेजारनीनं देल्लं." तिच्या हिशेबी डॉक्टरनं लिहिलेलं तेवढं औषध. वाटीतून आलेला तो जिव्हाळा, आणि जिव्हाळा नाकारायचा कसा? मी वाद घातला, ती हो हो म्हणाली आणि मला वांग्यांची पिशवी बांधून देऊन बसस्टॉपवर सोडून गेली. वाद मिटवायची तिची हीच रीत होती.

हृदयाच्या डॉक्टरांनी तिला रक्त पातळ करणारी गोळी दिली होती. बरोबरच दिली होती. नंतर हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि दुखलं की घ्यायची गोळी लिहिली. तीही गुडघ्यासाठी चांगलीच, आणि वाटीतून येत होत्या त्याही दुखण्याच्याच. पण रक्त पातळ केलेल्या माणसाच्या पोटाला दुखण्याच्या गोळ्या जखम करू शकतात, आणि तसं झालं तर ते रक्त सहजी थांबत नाही, हे दोघांनाही पाठ असणार. मग विचारायला काय झालं होतं? 'आजी, आणखी काय घेता?' एवढंच वाक्य. नंबर लावून तासन् तास बसवता, फी घेता, आणि एक वाक्य जड होतं? एकाच्या ताब्यात हृदय, दुसऱ्याच्या ताब्यात गुडघे. बाई मात्र कुणाच्याच ताब्यात नव्हती.

त्यातच ती थकायला लागली. बाजाराला जाऊन आली की धाप लागायची. सरकारी केंद्रात तपासलं तर अंगात रक्त कमी. तिथं लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि शौचाला काळं होईल, घाबरू नका, असंही सांगितलं गेलं. सांगणारीचं काही चुकलं नाही, लोहानं तसं होतंच. पण पोटात रक्त वाहत असलं तरीही काळंच होतं. बाईला काळं व्हायला लागलं आणि ती निश्चिंत राहिली. सुनेला म्हणाली, "गोया लागू पडून राह्यल्या." धोक्याची घंटा वाजत होती, आणि ती ते बरं होण्याचं लक्षण समजत होती... अंगातलं रक्त जातंय कुठं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते शेवटच्या दिवशी, दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं, आणि तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

मास्तरीणबाई तेरवीला येऊन माझ्यापुढं रडल्या. "आम्ही चांगल्यासाठीच देल्ल्या, भाऊ." मला ठाऊक आहे. माझा राग त्यांच्यावर आहेही आणि नाहीही. पण त्याच दिवशी आणखी एका भल्या माणसानं भाऊजींच्या उशाशी झोपेच्या गोळ्या ठेवल्या. दुःखाचं घर आहे, म्हाताऱ्याला झोप लागत नाही, आपल्याकडं उरल्या होत्या! भाऊजींना रक्तदाबाची औषधं चालू, साखरेची चालू, लघवीच्या त्रासाची चालू. त्यात ही भर. चार दिवसांत ते अंगणात तोल जाऊन पडले. कपाळ फुटलं, हाड वाचलं. त्या दिवशी मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. घरातली गोळी न् गोळी, चूर्णाच्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत भरल्या आणि भाऊजींना रिक्षात घालून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं.

पिशवी टेबलावर ओतली तशी डॉक्टर हसून म्हणाले, "हा काय भाजीबाजार आणला?" माझा तोल गेला. म्हटलं, "हो, बाजारच आहे. हा सगळा बघितल्याशिवाय आज नवं काही लिहायचं नाही. माझी बहीण अशानंच गेली." बाहेर बसलेले लोक दारातून डोकावले. डॉक्टरांनी चष्मा पुसला, एकेक पट्टी हातात घेतली, आणि मी ज्यासाठी भांडत होतो ते शेवटी विचारलं, "बाबाजी, यातल्या कोणत्या कोणत्या घेता तुम्ही? केव्हा केव्हा?"

दवाखान्यात भाऊजींनी कधी तोंड उघडलंच नव्हतं. सकाळची कोणती, जेवणानंतरची कोणती, नवऱ्याचं सगळं बाईला तोंडपाठ. तिचं तिला कुणी विचारलं नाही, त्यांचं मात्र विचारण्याआधीच ती घडाघडा सांगायची. भाऊजींनी सवयीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं मान वळवली आणि म्हणाले, "सांग नं वं."