तीन टनांचा हुक

नवेगाव बांधच्या आमच्या भागात माझ्या जुन्या ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट सांगतात. तो दारू पिऊन गाडी चालवत होता आणि त्याने मालकाची नवी गाडी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उलटवली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि ती गावभर फिरली ती माझ्या गप्प बसण्यावर.

सुरुवात हुकापासून करावी लागेल. मी म्हातारपणी एक उंच, सात जणांची गाडी घेतली. दारात ट्रॅक्टर होता, त्याने धान गिरणीवर नीट जात होते. पण ट्रॅक्टरमागे धान नेणारा माणूस शेतकरी दिसतो, आणि उंच गाडी घेतल्यापासून मला शेतकरी दिसायचे नव्हते. त्यातच नागपूरच्या जावयाने मोबाइलवर दाखवले की परदेशातले लोक गाडीमागे हुक लावून होड्या, घोडे, चाकांवरची घरे ओढत नेतात. माझ्याकडे होडी नव्हती, घोडा नव्हता, घर जागेवरून हलणारे नव्हते. ओढायला उरले धान.

गोंदियात हुक बसवून देणारा सापडला. त्याचे दुकान म्हणजे एक वेल्डिंग मशीन आणि पुष्कळ बोलणे.

"अंकल, ये हुक तीन टन का है. आँख बंद करके खींचो."

हुक तीन टनांचा, पण गाडी किती ओढू शकते, हे मी विचारले नाही. ते कंपनीच्या पुस्तकात छापलेले होते. ते पुस्तक मी कुंकू लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, समोरच्या खणात ठेवले होते. त्याची पूजा झाली, वाचन झाले नाही. वर त्याने मागच्या स्प्रिंगांत हवा भरायचे रबरी फुगे बसवले. वजन टाकले तरी गाडी मागून बसत नाही हे पाहून मी खूश झालो. गाडीची ताकद वाढली असे मला वाटले. वाढले काहीच नव्हते, फक्त ओझे दिसेनासे झाले होते.

घरी आल्यावर बायको मागून गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "कमरेला रुंद पट्टा बांधला म्हणून पोटात भात जास्त जाते का जी?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो. मला तरी काय समजत होते?

पानठेल्यावरची मंडळी हुक बघायला आली. त्यांना बघायला काहीही चालते. एक जण म्हणाला, "बाप्पा! आता तं तलावच ओढून नेता तुमी, बाबूजी!" मी दात काढून हसलो. थट्टा आहे हे कळत होते, तरी गोड लागली.

आमचे पूर्वज माळव्यातून बैलगाड्या घेऊन आले, हे आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक पंगतीत कोणीतरी सांगतोच. इतक्या पिढ्या गेल्या, पण डोक्यातून बैलगाडी गेलेली नाही. बैलगाडी भरताना जू बैलांच्या मानेवर दाबू नये म्हणून पोती थोडी मागे सरकवतात. बैल माणसाच्या चालीने चालतो, म्हणून ते निभते. मी तोच नियम हुकाला जोडायला घेतलेल्या दोन चाकी ट्रॉलीला लावला. हमालांना म्हणालो, "मागं घ्या, अजून मागं. गाडीच्या कमरेवर भार नको." नव्या गाडीची मला बैलापेक्षा जास्त दया आली होती.

पहिली खेप मी स्वतः नेली. अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला जंगल संपल्यावर थोडा वेग घेतला, आणि मागची ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागली. ती डावीकडे गेली की गाडीचे बूड उजवीकडे जायचे. स्टिअरिंग ऐकेना. मागचा भार मागच्या मागे लोंबत होता आणि गाडीचे बूड उचलून धरत होता. वेग कमी केला तेव्हा ट्रॉली शांत झाली. माझा सदरा घामाने भिजला होता. गिरणीवर कोणीतरी विचारले, "कशी चालली जी गाडी?"

"मख्खन," मी म्हणालो.

खरे बोललो असतो तर हुकासकट माझेही गावात हसे झाले असते. दुसऱ्या खेपेला पोती तशीच मागे भरून घेतली, गुडघा दुखतो असे सांगून चाव्या ड्रायव्हरला दिल्या, आणि वर म्हणालो, "लवकर जा, गिरणी बंद होईल." ट्रॉली डोलते हे त्याला सांगितले नाही.

तलावाजवळच्या उतारावर ट्रॉलीने गाडीला फिरवले आणि दोन्ही बांधीत उलटली. मी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पोचलो तेव्हा लोक त्याला बाहेर काढत होते. त्याचा पाय मोडला होता. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "घेऊन होता वाटते." दुसऱ्याने मला विचारले, "काऊन बाबूजी, पेते का तो?"

"आता कोणाचं काय सांगावं?" मी म्हणालो.

एवढेच. याहून भित्रे वाक्य मी आयुष्यात उच्चारलेले नाही. त्याच्या घरात बापापासून पंचशील पाळलेले, दारूचा थेंब नाही, हे मला माहीत होते. पण बौद्ध वस्तीतला ड्रायव्हर प्यायला असेल, हे पटायला गावाला पुरावा लागला नाही. मालकाने ट्रॉली मूर्खासारखी भरली असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. त्याला पुन्हा कोणी गाडी दिली नाही. लंगडत तो दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्याला, धानाची रोपे लावायला, जाऊ लागला.

यंदा गावातल्या पालकांनी मिळून मुलांना शाळेत न्यायला गाडी ठरवली. ड्रायव्हर म्हणून त्याने विचारणा केली. त्यातली दोन माणसे त्याच्याबद्दल विचारायला माझ्याकडे आली. मी सगळे सांगितले. पोती, शेपटी, मख्खन, सगळे. ते एकमेकांकडे बघून हसले.

"बाबूजी, तुमचं मन लय मोठं आहे जी. त्याची चूक आपल्या अंगावर घेऊन राहिले."

"अरे, चूक माझीच होती!"

"हो हो. तुमी म्हणता तं देऊ त्याले गाडी. आता तं नाई पेत ना?"

खोटे बोललो तेव्हा त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. खरे बोललो तर मी दयाळू ठरलो! आमच्या गावात मालकाचा मूर्खपणाही मोठेपणात धरला जातो.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आला. आधी मला मालक म्हणायचा, आता काका म्हणतो.

"काका, गाडी देऊन राहिले मले. सुधारलेला दारुड्या म्हणून. तशी नाई पायजे."

"मग काय करू?"

"लिहून द्या. नीट."

म्हणून हे लिहिले, आणि आज त्याला वाचून दाखवले. तो ओसरीच्या खांबाला टेकून, दुखरा पाय पसरून, ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "एक राहिलं. उतारावर मी जोरात होतो. तेबी लिहा."

"घाई मीच करायला सांगितली होती."

"सांगितली होती. पण ॲक्सिलेटरवर पाय माझा होता ना. तेवढं सोडलं तं हे लोक तेच धरून बसतेत."

तर लिहितो. उतारावर गाडी जोरात होती. घाई माझी होती. पोती मी मागे भरून घेतली होती, आणि ट्रॉली डोलते हे मला आधीच माहीत होते. ड्रायव्हर शुद्धीत होता. रविवारी पालकांच्या बैठकीत हे तो स्वतः वाचून दाखवणार आहे. मी तिथेच बसणार आहे, आणि कोणी माझे मन मोठे म्हणू लागला तर त्याला मध्येच थांबवणार आहे.