तुळशीराम, बैल, नऊ

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बोलतो हळू. फजितीपर्यंत पोचायला मला वेळ लागतो.

राजापेठेतल्या आमच्या सोसायटीचं फाटक कोड सांगितल्याशिवाय उघडत नाही. आपण पाहुण्याला फोनवर कोड सांगायचा, पाहुण्याने तो चौकीदाराला सांगायचा. आधी इंग्रजी अक्षरं होती. आपण बी म्हणावं तर पाहुणा डी सांगणार, आपण ओ म्हणावं तर तो शून्य! म्हणून ठरलं, दर आठवड्याला एका घराने सोपे तीन शब्द द्यायचे.

शेजारच्या वानखडे गुरुजींनी दिले, ‘संत्रा, कापूस, दोन’. झालं! आमच्या हिचं दिवसभर तेच. “वानखडेभाऊचा कोड कसा गुळावानी जिभेवर येते! डोकं लागते त्याले.”

डोकं लागतं? मग माझ्या मानेवर काय वांगं ठेवलंय?

पुढचा आठवडा माझा. मी चौथी शिकलेला माणूस, पण तीन दिवस पेन्सिल चावली. बोर नको, मोर वाटतं. सात नको, साठ वाटतं. शब्द असा हवा की दुसऱ्या कशासारखाच वाटू नये. शेवटी सापडला. माझंच नाव! तुळशीराम! अख्ख्या बिल्डिंगीत एकच. त्याच्यापुढे बैल, त्याच्यापुढे नऊ. खरं सांगू? मनात चोर होता. आता हिच्या तोंडी वानखडे नाही, मी असणार!

शनिवारी भर दुपारी हिचा धाकटा भाऊ गजानन अकोल्याहून आला. वैशाखाचं ऊन. फोन वाजला.

“ताई, गेटवर उभा आहो. कोड सांग.”

हिने तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं! लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण या बाईने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. आणि तो उखाणाही लग्नातला, एकच.

“पयला शब्द म्हंजे... आपले हे,” ही म्हणाली. “मंग बैल, मंग नऊ.”

खालून गजाननचा आवाज आला, “आपले हे, बैल, नऊ!”

“नाही काका, असा कोड नाही,” चौकीदार म्हणाला.

“ताई, हा नाही म्हणते!”

“अरे, हे म्हंजे ते!”

“ते, बैल, नऊ!”

“तेबी नाही काका.”

ही माझ्याकडे वळली. “तुमी सांगा ना! माह्या भावाचं डोकं तापून राहिलं तिथं.”

“त्यानं तुले विचारलं. तूच घे नाव.”

असा कसा मी निर्दयी? अहो, मला ऐकायचं होतं हो! एकदा तरी.

ही तरातरा गॅलरीत गेली. शेजारच्या गॅलरीत वानखडे उभेच. दोघं काहीतरी कुजबुजले. मी दाराआडून कान लावला, पण एक शब्द ऐकू येईना! मग हिने डोक्यावर पदर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“उन्हानं तापलं फाटक, भाऊ उभा दारात,
तुळशीराम, बैल, नऊ, घ्या त्याले घरात!”

फाटक उघडलं. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. साऱ्या गल्लीने ऐकल्यामुळे माझा कोड त्याच दिवशी रद्द झाला, ते जाऊ द्या. माझे डोळे मात्र भरून आले. पंचेचाळीस वर्षांनी!

गजानन वर आला, गटागटा पाणी प्याला. “ताई, उखाना झकास! कोनं जुळवला?”

ही चक्क लाजली.

“आनखी कोन? वानखडेभाऊनं. डोकं लागते त्याले.”