खारी हवा आणि मावशींची कॉइल

मावशींनी चाळीस वर्षं पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचं काम, केलं. नवरा गेल्यावरही दुकान त्यांनीच चालवलं. एकदा एक तरुण इंजिनिअर मुलगी लहान पवनचक्कीची जळालेली कॉइल घेऊन आली. प्रयोगशाळेत अशी कॉइल मस्त चालायची, पण समुद्रकिनाऱ्यावर दोन महिन्यांत मान टाकायची.

मावशींनी कॉइल नाकाशी धरली. "आत ओल शिरलीय गं. पण ती अडवायची कशी, ते मला नाही येत. थांब, विचारते."

त्यांच्या फोनवर गावोगावच्या वाइंडिंगवाल्यांचा ग्रुप होता. मावशींनी त्यात आवाज रेकॉर्ड करून प्रश्न टाकला. दुपारी उत्तर आलं, मासेमारीच्या बोटींच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दादांचं: "आधी भट्टीत तापवा. ओल उडाली की गरम असतानाच व्हार्निशमध्ये बुडवा. असं दोनदा करा."

दोघींनी तशा तीन कॉइल केल्या. वर्ष उलटलं तरी पवनचक्की फिरत राहिली. मुलगी पवनचक्कीच्या अहवालात मावशींचं नाव घालायला निघाली.

"वेडी का तू? दादांचं घाल."

"दोघांचंही घालते."

छापील अहवाल दादांच्या हातात पडताच त्यांचा मावशींना फोन आला. "ताई, माझं नाव छापलंय! बायको चौथ्यांदा वाचून घेतेय माझ्याकडून."

मावशी खळखळून हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मग कधीही न भेटलेली ती दोघं बराच वेळ गुडघेदुखीवर बोलत बसली.