राखेतून लवकर काढलेलं बीड

सुखदेवभाऊ गेल्याचं मला किरनापूरच्या बस स्टँडवर कळलं. एका घराच्या फाटकाचं माप घ्यायला गेलो होतो. बालाघाटहून आलेल्या बसचा ओळखीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपके भैया नहीं रहे." भाऊ माझे चुलतभाऊ, वयानं दहा वर्षांनी मोठे, आणि आमच्या वेल्डिंगच्या दुकानाचे खरे कारागीर. रडू यायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, आधी मला सुटल्यासारखं वाटलं... आता ते काही विचारणार नाहीत. महिना झाला, तरी त्याची लाज जात नाही.

छप्पन साली नवा मध्यप्रदेश झाला, त्या सुमारास आम्ही बालाघाटला वारासिवनी रोडवर दुकान टाकलं. हात भाऊंचे, तोंड माझं. फुटक्या बादलीपासून ट्रकच्या चासीपर्यंत सगळं यायचं, आणि प्रत्येकाला हवं असायचं विजेचं वेल्डिंग. ठिणग्या उडाल्या म्हणजे काम पक्कं, अशी लोकांची समजूत. मीही "हो हो" म्हणून काम घेऊन मोकळा व्हायचो. मग भाऊ चष्मा कपाळावर सरकवून मला सुनवायचे, "मडगार्डाले लाईट लावशीन तं भोक पडन ना बा! पातळ पत्र्याले गॅस, जाड पट्टीले लाईट. आन् बीड आलं तं पह्यले त्याले हात जोडायचे." बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हा त्यांचा खरा प्रांत. निखाऱ्यांवर हळूहळू तापवायचं, गॅसच्या ज्योतीवर पितळेची कांडी वितळवून सांधायचं, आणि मग राइस मिलच्या तुसाच्या गरम राखेत दीड दिवस पुरून ठेवायचं. एकदम गार झालं की बीड तडकतं. राखेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या हातचं बीड तुटलं, असं लालबर्ऱ्यापर्यंत कुणी ऐकलं नव्हतं.

एका थंडीत वारासिवनीच्या एका शेठजींच्या जीपचा मॅनिफोल्ड आला, इंजिनाचा धूर बाहेर नेणारी बिडाची नळी. भाऊंनी सांधला, संध्याकाळी राखेत पुरला आणि "परवा सकाळशिवाय काढू नको" असं बजावून लालबर्ऱ्याला कामावर गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी शेठजींचा ड्रायव्हर दारात उभा. मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल, या धास्तीनं मी सांडशीनं मॅनिफोल्ड बाहेर ओढला आणि नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवर ठेवला. टिक्‌ असा आवाज झाला. मी तो ऐकला. फडक्यानं पुसून ड्रायव्हरच्या हाती दिला.

चौथ्या दिवशी शेठजी स्वतः आले. भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तुकडे भाऊंच्या पायाशी टाकले. "नहीं आता तो हाथ क्यों लगाते हो?" भाऊ खाली बसले, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "राखंतून कवा काढलं होतं?"

"तुमी सांगतलं तवाच."

"हौ?"

"हौ."

एवढंच बोललो मी. भाऊंनी मान हलवली, शेठजींना हात जोडले, आणि त्या दिवसापासून दुकानात बीड घेणं बंद केलं. कुणी आणलंच तर म्हणायचे, "गोंदियाले ने बा, माहा हात गेला." दहा-बारा वर्षं फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडत राहिले. अधूनमधून, चहा पिताना, तेच विचारायचे. मी तेच उत्तर द्यायचो. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप तोंडात येतं.

तेरवी झाल्यावर वहिनींनी मला घरामागच्या पडवीत नेलं. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. आत बिडाचे तुकडे... शिलाई मशीनचा पाय, चुलीची जाळी, फुटकी कढई. सगळं मधोमध तोडलेलं आणि पितळेनं पुन्हा सांधलेलं. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: एक दिवस, दीड दिवस, दोन दिवस. मी एकेक हातात घेऊन वाजवला. सगळे खणखणीत. एकालाही तडा नव्हता.

"इतवारी इतवारी हेच करत," वहिनी म्हणाल्या. "मुद्दाम तोडत, मंग जोडत. म्हणत, त्या येळेस माहं काय चुकलं ते सापडलं पायजे. शेवटपावतर नाही सापडलं जी. तुमी तं होते तवा दुकानात. तुमाले काही ठाऊक हाये?"

तेव्हा पहिल्यांदा मी ते तोंडानं बोललो. "त्यायचं काही नाही चुकलं, वहिनी. मीच एक दिवस आधी राखंतून काढलं होतं."

 वहिनींनी माझ्या हातातली जाळी काढून घेतली, पदरानं पुसली आणि जागेवर ठेवली.

"हे त्याह्यले काहून नाही सांगतलं?"